देगूला पाठवलेला पुरुष

हरिप्रसादरावांइतका भित्रा माणूस तंजावुरात दुसरा नसेल. असलाच तर तो घराबाहेर पडत नसणार, म्हणून कुणाला ठाऊक नाही. टपाल खात्यात ते पोस्टमन म्हणून लागले आणि पहिल्याच आठवड्यात मेलवीथीतल्या कुत्र्यांना घाबरून काउंटरवर बदली मागून बसले. पुढची एकतीस वर्षं त्यांनी जाळीच्या आतून लोकांची पार्सलं घेतली. जाळी होती म्हणून नोकरी झाली, असं ते स्वतःच सांगत. रिटायर झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर घराच्या ओसरीला तश्शीच जाळी ठोकून घेतली.

अशा माणसाची मुलगी हरिता एकटीच उठून दक्षिण कोरियात गेली. देगू नावाच्या शहरात ती विद्यापीठात मातीवर संशोधन करते आणि तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहते. काम तीन वर्षांचं, त्यातलं एक संपलेलं. तेवढ्यात एका संध्याकाळी कुणीतरी तिच्या दाराबाहेर उभं राहिलं आणि कुलपाची आकड्यांची बटणं दाबायला लागलं. चारदा आकडा चुकला, मग पावलं निघून गेली. तेव्हापासून हरिता दाराला टेबल लावून झोपत होती, म्हणजे झोपतच नव्हती.

"महिनाभर बघते," तिनं फोनवर सांगितलं. "नाहीच जमलं तर सगळं सोडून येते परत."

हरिप्रसादरावांच्या जिभेवर 'उद्याच ये' अगदी तयार होतं. पण त्यांच्या बायकोनं, चंद्रमतीबाईंनी, फोन हातातून ओढून घेतला. "येतेस कशास? उपाय काय तो बोल."

उपाय हरिताला प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीनं सांगून ठेवला होता. तिकडं एकट्या राहणाऱ्या मुली दाराबाहेर पुरुषाचे जोडे ठेवतात. ते नवे असून चालत नाहीत, चांगले वापरलेले लागतात. आणि आतून पुरुषाचा आवाज ऐकू आला, तर मग बघायलाच नको.

"अप्पा, तुमच्या चपला पाठवा. आणि तुमचं खाकरणं."

खाकरणं म्हणजे काय, हे या घरात कुणी कुणाला समजवायची गरज नव्हती. बाहेरून येणाऱ्या बाप्यानं उंबऱ्याशी खाकरावं आणि आतल्यांनी सावरून बसावं, ही पिढ्यांची रीत. फक्त हरिप्रसादराव खाकरत तेव्हा कुणी सावरून बसत नसे. कुणाला भीती घालायचं काम त्यांच्याकडं जन्मात पहिल्यांदाच आलं होतं, आणि त्या भीतीनं त्यांना घाम फुटला.

पहिली अडचण पायांची. त्यांचा पाय सहा नंबरचा. "सहा नंबर पाहून चोर आत येऊन प्यायला कापी मागेल," असं म्हणत चंद्रमतीबाईंनी बाजारातून अकरा नंबरच्या चपला आणल्या. आता त्या झिजवायच्या कुणी? शेजारचे व्यंकटरमण निवृत्त ड्रिल मास्तर, त्यांचा पाय बरोबर अकराचा. पण हरिप्रसादराव हट्टाला पेटले. मुलीच्या दारात परक्याचा पाय नको! पंधरा दिवस ते सकाळ-संध्याकाळ त्या होड्या घालून देवळापर्यंत जाऊन येऊ लागले. आधी पाय पुढं जायचे, मागून फटाक फटाक करत चपला यायच्या. तो आवाज ऐकून मेलवीथीतली कुत्री उठून गल्लीत पळाली. हरिप्रसादराव भर रस्त्यात थांबून पळणाऱ्या कुत्र्यांकडं बघत राहिले.

"या चपला कुणाच्या हो?" व्यंकटरमणांनी विचारलं.

"आमच्या घरातल्या पुरुषाच्या," हरिप्रसादराव म्हणाले.

पार्सल घ्यायला काउंटरवर लक्ष्मीप्रिया होती. काम ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली. चपला उलटून पाहत ती म्हणाली, "सार, परदेशी पाठवताय तर नव्या तरी पाठवा. या झिजल्यात की."

"झिजवायलाच पंधरा दिवस लागले, अम्मा," ते म्हणाले.

मग आली खाकरण्याची पाळी. चंद्रमतीबाई फोनवर रेकॉर्डिंग लावून समोर उभ्या राहिल्या. पहिलं खाकरणं बसमध्ये 'इथं कुणी बसलंय का' असं विचारावं तसं निघालं. दुसरं त्याहून सभ्य. घसा भरदार व्हावा म्हणून बाईंनी मिऱ्यांचा काढा पाजला, तर होती नव्हती ती घरघरही बरी झाली.

"रागावून खाकरा," बाई म्हणाल्या.

"कुणावर?"

"माझ्यावर रागवा."

"ते कसं जमेल?"

एवढ्यात वरून एक पाल सुटली ती थेट त्यांच्या डाव्या खांद्यावर पडली. "पल्ली! पल्ली! अय्यो, चंद्रमती, धाव!" अशी आरोळी ठोकून हरिप्रसादराव खुर्चीवर चढले. चंद्रमतीबाईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडं जायच्या आधी पंचांग उघडलं, डाव्या खांद्यावर पाल पडल्याचं फळ पाहायला. "लाभ लिहिलाय. उतरा खाली." पाल केव्हाच निघून गेली होती. फोन उचलताना बाईंचं बोट भलतीकडं लागलं आणि दोन सभ्य खाकरण्यांबरोबर ती आरोळीही देगूला पोचली.

हरिप्रसादराव लाजेनं काळेठिक्कर पडले. मुलीनं आधार मागावा आणि बापानं हे पाठवावं! त्यानंतर फोन वाजला की ते न्हाणीघरात जाऊन बसत.

दहाव्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे देगूत रात्रीचे नऊ वाजता, हरिताचा व्हिडिओवर फोन आला. चंद्रमतीबाईंनी नवऱ्याला दंडाला धरून समोर बसवलं.

"अप्पा, तो परत आला होता. तुमच्या चपला बघून त्यानं आपले बूट काढले, त्यांच्या शेजारी नीट लावले आणि मग बटणं दाबायला लागला."

"शिव शिव," हरिप्रसादराव म्हणाले.

"घाईत मी खाकरणं लावायला गेले, आणि तुमची आरोळी लागली. स्पीकरवर, पूर्ण आवाजात."

"पळाला?" चंद्रमतीबाईंनी विचारलं.

"नाही, अम्मा. मीच उठले. टेबल कधी सरकवलं, झाडू कधी घेतला, मज कळलंच नाही. दार उघडलं तेव्हा समजलं की पल्ली इथं नाही." ती हसली. "लहानपणापासून तुम्ही ओरडलात की मीच धावायची ना, अप्पा? तेव्हा मज भय वाटतच नाही. वाटायला वेळच नसतो."

बाहेर चौथ्या मजल्यावरचे एक आजोबा होते. थोडी घेतली की त्यांचा मजला चुकतो. झाडू पाहून ते माफी मागायला कमरेत वाकले ते बराच वेळ सरळ झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नासपतींची पेटी आणून दिली, आणि आता ते मोठ्यानं मजले मोजत जिना चढतात.

"मी राहते आहे, अप्पा. पुरी दोन वर्षं."

हरिप्रसादरावांना आनंद झाला, खरंच झाला. तरी त्यांचे डोळे भरून आले. "राहा. राहाच तू," ते म्हणाले. "पण इथं पल्ली कोण हाकलणार? तू गेल्यापासून मी रात्रभर दिवा लावून बैसतो."

"मज वाटलं, तुम्ही वाचता!" चंद्रमतीबाई म्हणाल्या.

हरिता म्हणाली, "फोन भिंतीकडं करा, अप्पा."

त्यांनी केला. ट्यूबलाइटच्या वर, बरोबर त्यांच्या डोक्यावर, पाल बसलेली होती. देगूहून हरिता जिवाच्या आकांतानं ओरडली, "हुश्श! पो! पो!" पाल जागची हलली नाही. हरिप्रसादरावांनी पाय वर खुर्चीत ओढून घेतले, फोन हळूच आपल्या तोंडाकडं वळवला आणि खुर्चीतून न उठता म्हणाले, "गेली, कण्णा. तू नीज आता."