अबुधाबीत पडलेला बर्फ

आता हे चारचौघांत सांगायची सोय नाही, पण तुम्ही घरचेच, म्हणून सांगते.

रेवाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. कार्यक्रमात पहिलंच गाणं माझ्या लेकीचं, नवरा ऑफशोअरला, भर समुद्रात तेलाच्या रिगवर, आणि गाडी नेणार मी! लायसन्स कोरं करकरीत, तेही इतक्यांदा नापास होऊन मिळालेलं की परीक्षा घेणारा शेवटी स्वतःच दमून "खलास!" म्हणाला होता. टायर पंक्चर झाला तर? रस्ता चुकला तर? शाळेचं गेट बंद झालं तर? सगळ्या काळज्या करून झाल्या. बर्फाची तेवढी राहिली.

सकाळी खाली आले, तर गाडीची पुढची काच पांढरीफटक!

रेवाला मागे बसवलं, थंडी बाधायला नको म्हणून काचा घट्ट बंद केल्या. "गाणं म्हणत बस हं, मोठ्ठ्यानं!"

वायपर? अहो, वायपर आठवायला डोकं जागेवर लागतं. मला आठवलं ते टोरांटोच्या वन्संनी दिलेलं बर्फ खरवडायचं स्क्रेपर. "वहिनी, गाडी घेतलीस ना? मग हे लागतंच!" असं म्हणाल्या होत्या. अबुधाबीत कशाला लागेल, हे विचारायची माझी काय टाप!

लागले खरवडायला. पहिल्या हाताला पाणी निघालं, पण काच पांढरी ती पांढरीच. मी जोर वाढवला. आत रेवानं आवाज वाढवला.

शेजारचे कुलकर्णीकाका फिरून परत येत होते. "अगं मुली, हे काय चाललंय?"

"बर्फ, काका!"

काका एकदा लंडनला जाऊन आलेले. काचेला बोटही न लावता म्हणाले, "फ्रॉस्ट! डिट्टो लंडन! आडवं नको, तिरकं खरवड."

आमचा वॉचमन खानभाई धावत आला. "मॅडम, अबुधाबी में बरफ?"

"कुदरत है, खानभाई," काकांनी माझ्या वतीनं सांगून टाकलं.

खानभाई गरम पाण्याची किटली घेऊन आला. "काच तडकेल!" म्हणून काका ओरडले. वरच्या गॅलरीतून कुणीतरी विचारलं, "भाभी, कॅमेरा लाऊँ?" अंगात स्वेटर, मी घामानं निथळतेय, घड्याळ पळतंय, आणि डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी.

इतक्यात काचेवर आपोआप एक गोल उमटला. गोलात दोन डोळे आले. मग हसरं तोंड.

आम्ही तिघंही काचेवर वाकलो. रेवा पुढच्या सीटवर चढून आतून बोटानं चित्र काढत होती!

म्हणजे बाहेरचं दव पहिल्याच हाताला निघालं होतं. उरलेली सगळी वाफ आतली, आमच्या बाईंच्या रियाजाची! त्या गातायत आणि मी बाहेरून बर्फ फोडतेय!

"मला शंका होतीच," म्हणत काका जिन्याकडे वळले. खानभाईनं किटली निमूटपणे परत नेली, बहुतेक चहाला. मी काचा उघडल्या, आतून ओढणीनं पुसलं आणि गाडी अशी हाणली की परीक्षकानं लायसन्स परतच मागितलं असतं.

गेट अर्धं बंद झालं होतं. मिस दारातच उभ्या. "रेवा, रन! यू आर फर्स्ट! डिड यू प्रॅक्टिस?"

मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात आमचं रत्न पळता पळता ओरडलं,

"येस मिस! इन द कार! बट मम्मा थॉट माय सिंगिंग वॉज स्नो!"