विहिरीतलं पोहणं
सायकलच्या दुकानात ट्यूब चिकटवायच्या सोल्यूशनचा वास आला, की माझ्या नाकात वर्धा नदीचं पाणी जातं. ऐंशीच्या सुमारास आष्टीला पोहणं, सायकल आणि धावणं अशी तिहेरी शर्यत ठरली होती. मी आणि माझा मित्र कमरेला फुगवलेली ट्यूब बांधून आमच्या शेतातल्या विहिरीत गोल गोल पोहायचो. शर्यतीआधी सरावाला नदीत पहिल्यांदा ट्यूबेशिवाय उतरलो, तर सवयीने मी डावीकडेच वळत राहिलो. ‘‘अबे, काऊन फिरून राह्यला? हे विहीर नाई!’’ तो पुढून हसत ओरडला. मधोमध माझा दम संपला, मी बुडू लागलो आणि त्याने मागे येऊन मला ओढत काठावर आणलं. मग तोच आडवा पडून खोकत राहिला. मी उभा होतो, म्हणून धावत आलेले त्याचे वडील मलाच म्हणाले, ‘‘वाचवलं बाबू तू याले,’’ आणि त्यांनी त्याची शर्यत तिथेच बंद केली. खरं बोललो असतो तर माझीही शर्यत गेली असती. निघताना तो हळूच म्हणाला, ‘‘तू जाजो. फक्त सरळ पोहजो.’’ गाव अजूनही मलाच वाचवणारा म्हणतं आणि तो ऐकून नुसता हसतो. बुडत मी होतो.