दर्या सर आणि तांब्याचा गडू

झरीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सोबत्याला सगळं गाव 'दर्या सर' म्हणायचं, आणि दर्या सरांनी समुद्र पाहिलेला नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या आईला सोडून ते कधी परभणीपलीकडे मुक्कामाला गेले नाहीत. पण बोलायला लागले की वाटावं, कालच किनाऱ्यावरून परतलेत.

त्यांचा तास श्वासानं सुरू व्हायचा. "घ्या श्वास. हा झाडाचा. आता दुसरा घ्या. हा दर्याचा!" समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे हिरवे जीव उन्हावर स्वतःचं अन्न करतात आणि जगाला जवळजवळ निम्मा प्राणवायू देतात, हे त्यांनी पोरांच्या गळी असं उतरवलं होतं, की मी मराठीच्या तासाला गेलो तरी वर्ग आपला जोरजोरात श्वास घेतोय. माझं डोकं फिरायचं.

विषाणूंचं तर त्यांना भलतंच कौतुक. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमध्ये शाळा ओस पडली की आम्ही दोघं चहा घेत बसायचो आणि ते मासिकात वाचलेलं ऐकवायचे. "एका थेंबात लाखांनी असतेत. जिवाणूला फोडतेत, अन् फुटून जे सांडतं त्याच्यावर दुसरे जगतेत. हे मारणारे नसते तर दर्याचा संसारच चालला नसता."

"सर, इथं आडाला पाणी न्हाई," मी म्हणायचो. ते हसायचे आणि पुन्हा दर्यात उतरायचे.

मग त्यांना काचबिंदू निघाला. नजर दिवसेंदिवस आटत चालली. "विषाणू आपल्या भिंगात दिसायचे न्हाईत. पण ते हिरवे जीव तरी एकदा बघून घेतो," ते म्हणाले. नेमक्या तेव्हाच शेजारच्या गयाआत्या काशी-रामेश्वरला निघाल्या. सरांनी त्यांना धुतलेली काचेची बाटली दिली. दर्याचं पाणी घ्या, उजेडात ठेवा, असं चारचारदा बजावलं.

आत्या परतल्या त्या लाखेनं तोंड बंद केलेला तांब्याचा गडू घेऊन. "तीर्थ काय दवाच्या बाटलीत आणतेत का, सर?"

सरांचा चेहरा उतरला. तरी त्यांनी लाख फोडली, थेंब काचपट्टीवर घेतला, शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बऱ्या डोळ्यानं कितीतरी वेळ पाहिलं. आत्या दारात उभ्या होत्या. "दिसलेत का?"

"लय हायेत, आत्या! नुसती जत्रा भरलीय."

मीही भिंगातून पाहिलं. काहीच हलत नव्हतं. आत्या गेल्यावर सर हळूच म्हणाले, "तांब्यानं मारलं बिचाऱ्यांना. तिला सांगू नका. रामेश्वराहून मांडीवर आणलाय तिनं गडू." त्यानंतर त्यांच्या डोळ्यांना भिंग काही उपयोगाचं राहिलं नाही. आत्यांनी मात्र उरलेलं पाणी देवघरात ठेवलं आणि त्यात जत्रा भरते म्हणून गावभर सांगितलं.

सर शेवटच्या दुखण्यात पडले तेव्हा मी उशाशी होतो. आत्या तोच गडू घेऊन आल्या. "सर, तुमची जत्रा आणलीय," म्हणाल्या आणि तुळशीच्या पानानं त्यांच्या ओठांवर एक थेंब सोडला.

सरांनी जीभ फिरवली. चेहरा एकदम उजळला.

"एवढा खारट असतो व्हय!" ते मला म्हणाले. मला रडू आवरेना, आणि सर हसत होते.