मान हलवणारा नंदी

आमच्या गावात लाकडी बैलावरून शहाणीसुरती माणसं भांडायची, हे बाहेरच्या कुणाला सांगितलं की तो हसतो. हसू दे. ज्याने म्हाताऱ्या सुताराचा नंदी हातात धरलेला नाही त्याच्याशी मी या विषयावर बोलतच नाही.

मारेगावच्या रस्त्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारी भरून द्यायचा धंदा. दुकानापुढे एक बाक होता आणि त्यावर तिघंजण कायमचे: एक रिटायर मास्तर, एक बैलबाजारातला दलाल आणि शाळेची मुलं नेणारा एक ऑटोवाला. मी आत तार गुंडाळत बसायचो आणि तिथूनच त्यांच्या बोलण्यात तोंड घालायचो. कापसाची ती वाईट वर्षं. बाजाराचं, अळीचं, पाण्याचं बोलून बोलून जीव विटला की आम्ही नंदीवर यायचो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलांचा तान्हा पोळा भरतो. चाकांवरचे लाकडी नंदी सजवून मुलं ओढत आणतात, मोठ्यांच्या पोळ्यासारखे तोरणाखाली उभे करतात आणि मग घरोघर फिरवून बोजारा मागतात. बोजारा म्हणजे नाणं, खाऊ, जे कोणी हातावर ठेवेल ते. पंचक्रोशीत नंदी घ्यावा तर आमच्या म्हाताऱ्या सुताराचा. बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, कामातून उरलेल्या सागवानाचा तो एकेक बैल कोरायचा. वशिंड असं की हात आपोआप त्याच्यावर जावा. मान जराशी वळलेली, कुणी मागून हाक मारल्यासारखी. चाकं लाकडाचीच, ओढलं की कण्हायची. मास्तर, दलाल आणि मी, तिघांच्याही लहानपणी त्याचा नंदी होता, आणि ऑटोवाल्याकडे नव्हता. त्याच्या आजाने छप्पन सालानंतर बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, घरी पोळा होत नसे. तो म्हणायचा, 'मी दुरून पाह्यलेला आहे राजेहो, तुमच्यापेक्षा जास्त पाह्यला.'

पुढे ट्रॅक्टर आले, बंड्या गेल्या. बंडीचं काम नाही तर उरलेलं सागवान कुठून येणार? म्हाताऱ्याने नंदी करणं बंद केलं आणि काही वर्षांनी तोही गेला. मुलं शहरातले प्लास्टिकचे बैल ओढू लागली. आम्ही बाकावर हळहळायचो. दुधाची तहान ताकावर भागवायची, दुसरं काय!

आणि मग एका उन्हाळ्यात म्हाताऱ्याचा मुलगा म्हणाला, बापाचा नंदी मी पुन्हा काढतो.

हा मुलगाही सुतारच, दारं-खिडक्यांची कामं करायचा. ती मिळेनाशी झाली तसा तो पावसाळ्यात लोकांच्या कापसात फवारणीला जाऊ लागला होता. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, बस. आदल्या हंगामात एकदा तो घरी येऊन उलट्या करत पडला होता. सकाळी उठून बसला म्हणून सगळ्यांनी तो विषय सोडून दिला. त्याची बायको मात्र सोडायला तयार नव्हती. नंदी रंगवायला घेतले तेव्हा ती माझ्या दुकानात तारेचे तुकडे मागायला आली होती, बैलांच्या शेपट्या बांधायला. मी सहज म्हटलं, जोरात काम चाललंय तुमचं. ती म्हणाली, 'भाऊ, नंदी गेले तर हे यंदा फवारणीले नाही जाणार. मी तसा शब्दच घेतला त्यायच्यापासून.' मी तिला तार दिली आणि पैसे घेतले नाहीत. माझ्या परीने मी हातभार लावला, असं तेव्हा वाटलं.

आषाढातली आखाडी झाली आणि तो पहिला नंदी घेऊन बाकापाशी आला. आम्ही चौघंही उठून उभे राहिलो, नवरदेव आल्यासारखे.

लाकूड खोक्यांचं होतं, हलकं. रंग फवाऱ्याने मारलेला, पांढराशुभ्र. चाकं बेअरिंगवरची, अजिबात आवाज न करणारी. वशिंड बरं होतं. बापाइतकं नाही, पण हात होता पोराला. आणि मान? मान वेगळी करून स्प्रिंगवर बसवली होती. जरा धक्का लागला की बैल हो, हो, हो करत मान हलवायचा.

'लेकरायले आवडीन,' तो म्हणाला. बोलताना तो आमच्याकडे न बघता बैलाकडेच बघत होता.

मास्तरांनी नंदी हातात घेतला, उलटा केला, पोटाखालून पाहिला. लाकडाचं वजन नाही म्हणाले. मी म्हटलं चाकं कण्हत नाहीत, मग बैल येतो आहे हे कळणार कसं? शिवाय ज्या वस्तूत स्प्रिंग असते ती आज ना उद्या माझ्या टेबलावर येऊन पडते, हा माझा अनुभव. ऑटोवाला एकटाच म्हणाला, 'अबे, खेळणं आहे ते! लेकरू हासलं का नाही, एवढंच पाहा ना.'

राहिला दलाल. तो खऱ्या बैलांचे दात मोजणारा माणूस. त्याने एक बोट नंदीच्या कपाळाला लावलं, बैलाने मान हलवली, आणि तो म्हणाला, 'हा पोळ्याचा नाही. हा गुबुगुबुवाल्याचा आहे.'

झालं. एकदा तसं ऐकल्यावर दुसरं काही दिसेना. गुबुगुबु वाजवत दारोदार नंदीबैल घेऊन येतात, काहीही विचारा, बैल मान हलवून हो म्हणतो, मग सुपातलं धान्य पदरात घेतात. तान्ह्या पोळ्यातला नंदी म्हणजे घरच्या धन्याचा बैल. तो मागत्याचा कसा चालेल?

दलालाला तर चेवच आला. नंदीपुढे वाकून, हात जोडून त्याने विचारलं, 'बोला महाराज, यंदा पाणी येईन का?' बोट लावलं. नंदी हो म्हणाला. 'कापसाले भाव भेटीन का?' हो. आम्ही पोट धरून हसत होतो. 'बोंडात अळी येईन का?' हो. याला हसू जरा कमी आलं. मास्तर म्हणाले, 'पुरे झालं, असं इचारू नये.' तेव्हा वातावरण हलकं करायला म्हणून सुतारच हसत हसत पुढे झाला. 'मंग मी जाऊ का फवारणीले?' त्याने बोट लावलं नव्हतं, स्प्रिंगच अजून थांबली नव्हती. नंदी हो म्हणत राहिला.

त्याने बैल काखेत मारला आणि 'येतो' म्हणून निघून गेला.

दलालाचा तो शब्द दोन दिवसांत गावभर झाला. उचलली जीभ लावली टाळ्याला, पण अशी जीभ कधी कधी गावाच्या टाळ्याला लागते. बाया मुलांना सांगू लागल्या, तो भिकाऱ्याचा बैल नको रे, घरात बरकत राहत नाही. वाईट दिवसांत माणूस फार कशाकशाला भितो. आणि आम्ही? आमचा काथ्याकूट पोळ्यापर्यंत चालला. लाकूड, रंग, चाकं, मान. बाप काय होता आणि मुलाने काय करायला हवं होतं. मास्तर म्हणायचे, परंपरेत हात घालायचा तर दमाने घालावा. मी म्हणायचो, मान पक्की करून दे म्हणावं, मी स्वतः दोन घेतो. ऑटोवाला म्हणायचा, 'जाऊन सांगा ना मंग त्याले.' जाऊन कोणी सांगितलं नाही. अशा गोष्टी बाकावरच बोलायच्या असतात.

त्या वर्षी कापूस माणसाच्या उंचीचा झाला होता. रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना नुसती हिरवी भिंत, आत माणूस शिरला की दिसत नसे. सगळे म्हणत, काय पीक आहे! मला ते बघून बरं वाटत नव्हतं. फवारणारा खालून वर फवारणार, म्हणजे ते सगळं त्याच्याच तोंडावर उतरणार, हे सरळ होतं. माझ्या दुकानात मोटारींपेक्षा फवारणीचे चार्जिंगचे पंप जास्त यायला लागले. त्यांचा वास कपड्यांना बसायचा. माझी बायको माझे कपडे अंगणातच भिजत घालायची.

पोळ्याला तोरणाखाली खऱ्या बैलजोड्या इतक्या कमी की तोरण अर्धं रिकामं. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरला. सुतार आणि त्याची बायको शाळेच्या भिंतीशी चादर पसरून, त्यावर नंदी मांडून बसली होती. पांढरे नंदी, ओळीने. वारा सुटला की सगळे मिळून मान हलवायचे. माणसं थांबायची, बघायची आणि पुढे जायची. त्या हलत्या मानांकडे बघून मीही पुढे गेलो, खोटं कशाला सांगू! ऑटोवाल्याने मुलीसाठी एक घेतला. बाकी जवळजवळ सगळे चादरीतच राहिले. संध्याकाळी सुताराच्या बायकोने गाठोडं बांधलं आणि आमच्या दुकानावरून गेली, तेव्हा आत लाकडं एकमेकांवर टकटक वाजत होती. तिने मान वर केली नाही.

त्याच आठवड्यात सुतार माझ्याकडे फवारणीचा पंप घेऊन आला. 'भाऊ, चार्जिंग धरून नाही राह्यला. उद्या पाह्यजे.'

मी म्हटलं, 'तू तर जाणार नव्हता ना?'

'कोण म्हणे?' तो हसला. 'घरची बोलली का? बाया बोलतात.'

पंप दुसऱ्याचा होता, बॅटरीची एक तार सुटलेली. मी ती जोडली, पंप चालू करून पाहिला. बारीक धुकं उडालं, नुसतं पाण्याचं. तो चेहरा पुढे करून म्हणाला, 'मस्त चालते आता.' आणि पंप पाठीला अडकवून गेला.

पुढे फार दिवस गेले नाहीत. एका संध्याकाळी ऑटोवाल्याने दुकानापुढे ऑटो थांबवला, आत सुतार बायकोच्या मांडीवर. डोळे उघडे, पण तिला विचारत होता, दिवा काहून नाही लावला? बाहेर अजून उजेड होता. मीही ऑटोत बसलो. मारेगावच्या डॉक्टरांनी बघताच यवतमाळला न्या म्हटलं. वाटेभर दोन्हीकडे तो उंच कापूस होता आणि ती एकसारखी त्याचे हात पुसत होती, पदराने, पुन्हा पुन्हा, जणू ते पुसल्याने निघणार होतं. यवतमाळला त्याच्यासारखे आणखीही होते. वास एकच. तो तिथेच गेला.

बाकावर त्यानंतर नंदीचा विषय निघेना. दलाल बसायचाच बंद झाला. पण मुलांना कोण सांगणार? ऑटोवाल्याची मुलगी रोज तो नंदी दोरीने ओढत फिरायची, आणि वर्षभर गावातली मुलं त्याच्यामागे. बैलाने मान हलवली की हसायची. पोळा जवळ आला तशी घराघरांत मागणी सुरू झाली: तसाच पाहिजे, मान हलवणारा पाहिजे. मास्तरांच्या नातवाने तर जेवण सोडलं. शेवटी मास्तर म्हणाले, 'चाल ना माह्यासंगं. एकट्याले जाववत नाही.'

सुताराची बायको दारात तूर निवडत बसली होती. मास्तरांनी आडूनआडून विचारलं, मागच्या वर्षीचे नंदी आहेत का काही? चार पैसे जास्त देऊ.

'जाळले,' ती म्हणाली. 'तेरवीले पाणी तापवाले लाकूड नव्हतं. परतीचं पाणी चालू, सगळं ओलं. ते कोरडे होते.'

  ती तुरीतला खडा काढून बाजूला टाकत म्हणाली, 'तुम्ही लोक तर रोज बोलत होते ना बैलायवर. मले कोणी सांगतच नाही. चुकलं काय होतं त्यायचं?'

'काही नाही वो बाई,' मास्तर घाईने म्हणाले. 'काहीच नाही चुकलं. चांगले होते.'

'मंग घेतले काहून नाही?'

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मला खोटं बोललेलं सहन होत नाही, हा माझा स्वभाव, त्याने माझं कधी भलं केलेलं नाही. आणि ती खरंच विचारत होती; टोमणा नव्हता. म्हणून मी सांगितलं. काम चांगलं होतं, वशिंड तर फारच चांगलं. फक्त मान. मान हलायला नको होती. बापासारखी पक्की ठेवली असती तर सगळे गेले असते.

तिचा हात सुपात थांबला.

'ते तेच म्हणत होते,' ती म्हणाली. 'बाबा पक्की करत, मी पक्कीच करतो म्हणे. मीच म्हटलं, हलू द्या. लेकरं हासतीन.'

मग तिने सूप खाली ठेवलं, उठून आत गेली आणि आम्हा दोघांसाठी पाणी घेऊन आली.