नवऱ्याच्या नावाची जागा

शाळेतून रिटायर झाल्या, तरी मरियमबाई भिंगारदिव्यांचा आवाज काही खाली आला नाही. बहात्तरच्या दुष्काळात घोडेगावजवळच्या रस्त्यावर बाया खडी फोडायच्या. त्यांच्या दुपारच्या सुट्टीत बाई तिथं फुकट वर्ग घ्यायच्या. खडीच्या ढिगाला फळा टेकवायचा आणि ओरडायचं. सात महिने घसा कोरडा केला, तेव्हा कुठं एकटी चांगुणा धडे वाचायला लागली.

मग तालुक्याहून साहेब परीक्षेला आले. पाटीवर स्वतःचं पूर्ण नाव लिहायचं, एवढीच परीक्षा! वर्गातल्या साळूबाईसकट अकरा जणी पास झाल्या. चांगुणानं आपलं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं आणि मधली नवऱ्याच्या नावाची जागा मोकळी सोडली. साहेबांनी तिच्या नावापुढं ‘निरक्षर’ असा शेरा मारला आणि ते जीपमध्ये बसले.

जीप हलली तशा बाई भडकल्या. “अगं, पहिल्या महिन्यात तर ‘मच्छिंद्र’ धडाधड गिरवत होतीस! मग आज काय झालं?”

चांगुणा खाली बघत म्हणाली, “तवा त्या नुसत्या रेघा हुत्या, बाई. आता वाचाया येतं. लिवलं की मालकाचं नाव घेतल्यावानीच हुतं.”

बाईंनी हातातलं पुस्तक पास झालेल्या साळूबाईपुढं आपटलं. “तू तर साक्षर ना? वाच!”

साळूबाईनं पान बराच वेळ निरखलं आणि पुस्तक चांगुणाच्या हातात दिलं.