ताम्हिणीत खाली बसलेली गाडी

आता हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण ही फजिती माझी स्वतःचीच आहे!

पिरंगुटला माझं सिमेंट-पत्र्याचं दुकान. शाळा आठवीतच सुटली, पण माल पारखायला कधी दुसऱ्याचे डोळे उसने घेतले नाहीत. मोठी, आलिशान गाडी घ्यायची ठरली, तेव्हाही माझं म्हणणं एकच. वापरलेली चालेल, खिशाला झेपणारी हवी, पण भरवशाची पाहिजे. आणि गाडीचा भरवसा कळतो कुठं? घाटात!

पुण्याचा एजंट गाडी घेऊन आला. चालवायला मी, शेजारी बायको मंदा, मागे एजंट. निघालो ताम्हिणी घाटात. तिथं आठवडाभर पाऊस कोसळत होता. वळणावळणावर दरडीची माती रस्त्यात आलेली. जीव मुठीत होता हो, पण एजंटापुढं दाखवतोय कोण?

एका ढाब्याजवळ, दरीच्या कठड्याला नाक लावून गाडी उभी केली. एजंट भजी सांगायला उतरला. मी इंजिन बंद केलं.

आणि गाडी खाली जायला लागली!

खोटं नाही सांगत. फुस्स असा आवाज झाला आणि समोरचा कठडा हळूहळू वर यायला लागला. कठडा कधी वर येतो का? म्हणजे आम्हीच खाली चाललो होतो!

"मंदे, हलू नगंस!"

"का वो? काय झालं?"

"जमीन खचतीया! म्होरं दरी हाय!"

"अगं आई गं! मग उतरू का मी?"

"न्हाई! तुझ्या वजनावर तर गाडी थांबलीया. श्वास बी हळू घे!"

"आणि तुमी?"

तेवढ्यात दुसरं फुस्स झालं. पुढचं मला नीट आठवत नाही. भानावर आलो तेव्हा मी बाहेर चिखलात होतो, एका पायात चप्पल, आणि बोंब मारत होतो, "धावा रे! बायकू दरीत चालली!"

ढाब्यातली माणसं दोर घेऊन पळत आली. एकानं वाकून चाकाखाली बघितलं.

"शेठ, जमीन हाय तितंच हाय की! खचलाय कोण?"

मागून एजंट भजी चावत आला. "काका, एअर सस्पेंशन आहे हे, स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या. इंजिन बंद केलं की हवा सोडून गाडी खाली बसते. उतरायला सोपं जावं म्हणून."

लोकांनी तोंडं फिरवली. खांदे हलत होते सगळ्यांचे! मी विजार झटकली, घसा खाकरला. शेवटी व्यापारी माणूस.

"असली बसकी गाडी? भाव उतरवा मग!"

मंदा अजून जागची हलली नव्हती. तिनं फक्त काच खाली केली.

"घ्या वो गाडी. लई भरवशाची हाय. मला एकटीला टाकून ती न्हाई पळाली."