शिंपीणबाईंचा कान

शिंपीणबाईंना कमी ऐकू येऊ लागलं, तरी गिऱ्हाइकांना त्याचा पत्ताही नव्हता. घरी मात्र घोटाळे व्हायचे.

सून दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात नुकतीच लागली होती. संध्याकाळी भाजी चिरताना ती दिवसभराचं सांगत बसायची. एकदा म्हणाली, "आई, आज माझ्या हातून साचा तुटला."

"चहा सांडला? मग फडकं घे ना!"

मुलगा पोट धरून हसला. सूनही हसली, पण असं रोजच होऊ लागल्यावर तिनं सांगणंच सोडलं. मुलानं बाईंना कानाचं यंत्र आणलं. आवाज वाढला, पण बोलण्याचा मेळ काही लागेना.

एका सुटीला सून बटणं लावायला दुकानात बसली. एक लाजरी मुलगी खाली मान घालून पुटपुटली, "बाही कोपरापर्यंत, पण खांद्याला चुण्या नकोत." शेजारी बसलेल्या सुनेलाही ते नीट ऐकू आलं नाही. बाई मात्र लगेच म्हणाल्या, "बरं, मग खांदा साधा ठेवते."

मुलगी गेल्यावर सुनेनं विचारलं, "आई, परक्यांचं सगळं ऐकू येतं. माझंच कसं येत नाही हो?"

बाईंनी मशीन थांबवलं. "अगं वेडे, तिचंही मला निम्मंच ऐकू आलं. पण बाहीनंतर खांद्याचंच निघणार, हे जन्मभर ऐकत आलेय. निम्मं माझं मीच भरते. तुझ्या कामातलं मला ओ की ठो कळत नाही. तिथं काय भरू?" मग हळूच म्हणाल्या, "पुन्हा पुन्हा विचारायचीही लाज वाटते गं."

सुनेनं साहेबांची परवानगी काढली आणि बाईंना कारखान्यात नेलं. तिथं प्लास्टरचे साचे होते, वितळलेलं मेण होतं, पिवळट-पांढऱ्या छटांचे दात खणाखणांत मांडलेले होते. बाई एकेक वस्तू हातात घेऊन बघत होत्या.

सून कानाशी वाकून म्हणाली, "आधी मेणात दात बसवून तोंडात घालून बघतात. नीट बसलं, मगच पक्कं करायचं."

"म्हणजे कच्चे टाके घालून अंगावर बघायचं!"

"अगदी तसंच!"

"मग एवढे दिवस सांगितलं का नाहीस, की तूही शिंपीणच आहेस म्हणून?"

काही दिवसांनी सून भांडी घासताना पाठमोरीच पुटपुटली, "एका आजोबांची खालची कवळी बसतच नाहीये."

मागून बाई म्हणाल्या, "हिरडी झिजली असेल. पुन्हा माप घ्यायला सांग."

सुनेनं नळ बंद केला. ओल्या हातांनीच ती बाईंसमोर येऊन बसली आणि त्या आजोबांची सगळी हकिकत सांगू लागली. बाई मध्येच चुकायच्या, ती पुन्हा सांगायची. आता विचारायची लाज उरली नव्हती.

मुलाच्या ऑफिसातलं मात्र बाईंना अजूनही काही ऐकू येत नाही. तो कुरकुरतो, तेव्हा सून म्हणते, "मग न्या की आईंना एकदा!"